उकंडाजी धुरकरी आणि न धावलेली जोडी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे गावात कुणाच्या मनगटावर घड्याळ नव्हतं आणि वेळ सांगायची ती सावली बघून, तेव्हा जांभूळबर्डीत उकंडा नावाचा एक धुरकरी होऊन गेला. त्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून आईनं हा जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर, आमच्या बोलीत उकंड्यावर, ठेवलं आणि शेजारणीच्या हातून परत घरात घेतलं. यमाला वाटावं, हे कुणीतरी टाकून दिलेलं पोर आहे, याला कशाला न्या! यम फसला. पोरगा जगला, आणि नाव पडलं ते कायमचं पडलं.

धुरकरी म्हणजे शंकरपटात बैलांची जोडी हाकणारा. पट तुम्ही बघितला असेल. नसेल तर ऐका. दोन चाकांचा हलका छकडा, त्याला दोन बैल, आणि समोर चारशे हात लांब सरळ पट्टी. त्या पट्टीला आमच्याकडे दाण म्हणतात. वळण नाही, फेरा नाही. झेंडी पडली की सुटायचं आणि टोकाची बाभूळ गाठायची. नाक शिंकरायला मान वळवली तर तेवढ्यात खेळ आटोपलेला असतो, आणि त्याची चर्चा मात्र वर्षभर पुरते.

उकंडाजीचे बैल होते हरण्या आणि मोगऱ्या. दुसरे धुरकरी बैलाला टोचायला अणीची काठी ठेवत. उकंडाजी हातात काहीच ठेवत नसे. जीभ टाळूला लावून तो एकदाच ‘टक्’ असा आवाज करी, आणि जोडी सुटे. असं म्हणतात की छकड्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून तो दाण मारायचा आणि थेंब सांडायचा नाही. असंही म्हणतात की आधी जोडी बाभळीपाशी पोचायची, मग धूळ पोचायची, आणि चाकांचा आवाज सगळ्यांच्या शेवटी यायचा. यातलं खरं किती ते महादेवाला ठाऊक. पण नऊ वर्षं त्या जोडीला कुणी मागं टाकलं नाही, हे आमच्याशी उभा दावा मांडलेले शेजारच्या गावचे शिवणीवालेसुद्धा कबूल करतात, आणि शिवणीवाल्यांनी काही कबूल करणं हाच मुळात चमत्कार आहे.

पुढे मोगऱ्याच्या डोळ्यांत फूल पडलं. त्या दिवशी उकंडाजीनं जोडीही सोडली आणि छकडाही सोडला. लोक म्हणाले, अजून दहा वर्षं हाकशील, दुसरे बैल घे. तो म्हणाला, “दुसऱ्याच्या मांगं बसलो त मोगऱ्याले कसं वाटन? डोळे गेले त्याचे, कान हायेत ना.”

आता एक नेम सांगायला हवा, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. जोडी सोडलेल्या धुरकऱ्याला जांभूळबर्डीत ‘सुटलेला’ म्हणत. त्याला पंच पागोटं बांधत, वाजतगाजत दाणीवरून नेत, आणि त्यानंतर त्याचा पाय पुन्हा दाणीवर पडायचा नाही. सुटलेल्याचा पाय पडला की दाण जड होते, अशी समजूत होती. ज्या घरचा पाय पडेल, त्या घरची जोडी सात वर्षं पटाबाहेर. म्हणून सगळे सुटलेले धुरकरी पटाच्या दिवशी नाल्यापलीकडे बसत. ज्यांनी गावाचं नाव केलं, ते गावाच्या सणाला परक्यासारखे लांबून बघत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. रीत म्हटली की माणूस डोकं बाजूला काढून ठेवतो.

अशी सहा-सात वर्षं गेली. उकंडाजीचा मुलगा शेषराव कर्ता झाला. त्यानं दोन गोऱ्हे घेतले, वाऱ्या आणि पाऱ्या, आणि तीन वर्षं पोटच्या लेकरांसारखे वाढवले. स्वतः भाकरी ताकात कालवून खायचा आणि बैलांना सरकी घालायचा. बापासारखं तोही काठी वापरत नसे, पण बापाचा तो ‘टक्’ मात्र त्याला साधला नव्हता. तो शीळ घाली.

इकडे पटाची दशा वेगळीच झाली होती. पोट्टेपाट्टे पटाला येईनासे झाले होते. त्याच दिवशी नदीकाठी जत्रा भरायची, तिथं रहाटपाळणे होते, बोलकी बाहुली होती, आणि पोरांचा सगळा जीव तिकडे. पटाला उरली चाळिशीपुढची माणसं आणि त्यांची भांडणं. पंचांचा मुख्य होता गुलाबराव, नवा, हौशी, मनानं चांगला माणूस. त्याला वाटलं, दाण लांब केली, वेग वाढला, तर पोरं येतील. म्हणून पटाच्या आदल्या दोन दिवसांत त्यानं बाभळीपुढं शंभर हात जमीन साफ करून घेतली, हातानं फळी ओढून ती काचेसारखी गुळगुळीत केली, आणि शेवटाची खूण म्हणून एक झेंडी पार तिकडे नेऊन रोवली.

दाण इतकी वर्षं बाभळीपाशीच का थांबत होती, हे त्यानं कुणाला विचारलं नाही. ज्यांना विचारायचं, ते नाल्यापलीकडे होते.

पटाच्या सकाळी उकंडाजी नाल्याकाठी येऊन बसला. म्हाताऱ्या हरण्या-मोगऱ्याला तो दरवर्षी सोबत आणी. त्यांनाही पट ऐकू यावा म्हणून. त्यानं दाणीकडे बघितलं. झेंडी बाभळीपुढं होती. त्याच्या आज्यानं त्याला पहिल्यांदा छकड्यावर बसवलं तेव्हा कानात सांगितलं होतं, बाभळीपुढं बैल घालू नको, तिथं जुनी विहीर आहे, वर लाकडं टाकून माती लोटली आहे. नक्की कुठं, ते आज्यालाही ठाऊक नव्हतं. आणि लाकडं काय जन्मभर पुरतात?

त्यानं ओरडून सांगितलं. डफड्यांत ते विरलं. मग गुलाबराव नाल्याच्या अलीकडच्या काठाशी आला, तेव्हा उकंडाजीनं त्याला विहिरीचं पुन्हा सांगितलं.

“कुठं हाय विहीर? दाखवा, उकंडाजी.”

“जागा मले ठाव नाही. पण हाय.”

“अहो, दोन दिस दहा मानसं राबली तिथं. कोनाचा पाय गेला नाही.”

“मानूस हलका असते, बापू. जोडी जड असते, आन् ते धावत येते.”

गुलाबराव हसला नाही, पण त्याच्या मागचे हसले. कुणी म्हणालं, बुढ्याला आपल्या पोराची धास्ती लागली, कारण पहिली पाळी शेषरावाचीच होती. गुलाबराव परत फिरला. डफडी वाढली. तिकडे वाऱ्या-पाऱ्या छकड्याला जुंपले गेले.

उकंडाजी उभा राहिला. दाणीवर पाय टाकला तर पोराची तीन वर्षं मातीत. सात वर्षांनी ते बैल म्हातारे झालेले असणार. नाही टाकला, तर बैल जातील आणि बैलांमागं पोरगाही जाईल. बाकीच्यांना हा फार मोठा पेच वाटेल. उकंडाजीला तो वाटला नाही. त्याला नुसतं रडू आलं, आणि रडत रडतच त्यानं हरण्या-मोगऱ्याचे दोर सोडले नि नाला ओलांडला.

तो दाणीच्या सुरुवातीला गेला नाही. सरळ मधोमध शिरला, एका हाताखाली हरण्या, दुसऱ्या हाताखाली आंधळा मोगऱ्या, आणि बाभळीकडे चालू लागला. डफडी थांबली. कुणीतरी शिट्टी मारली. मग सुरुवातीच्या टोकाकडून शेषरावाची हाक आली, आणि ती हाक ज्यांनी ऐकली त्यांच्या पुढच्या तीन पिढ्या ती सांगत आल्या.

“बा! मांगं फिरा! सात वर्सं, बा! माहे बैल बुढे होतीन!”

उकंडाजीनं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर तो फिरला असता.

हा गलका जत्रेपर्यंत पोचला. पाळण्यावरचं एक पोरगं उंचावरून ओरडलं, “मोगऱ्या! मोगऱ्या दाणीवर आला!” पोरांनी मोगऱ्या कधी नीट बघितला नव्हता, फक्त झोपताना गोष्टींत ऐकला होता. धुळीच्याही आधी पोचणारा मोगऱ्या! असं म्हणतात की क्षणात पाळणे रिकामे झाले आणि बोलकी बाहुली एकटीच बोलत राहिली. पोरं धावत आली नि त्या म्हाताऱ्यामागं अनवाणी चालायला लागली. एका पोरीनं तर हरण्याचं शेपूटच धरलं. आज आमच्या गावातली निम्मी घरं सांगतात की ती पोरगी आमचीच पणजी. असेल बापडी, तिला तरी किती घरी नांदावं लागलं!

बाभूळ मागं पडली. तिच्यापुढं तीस-चाळीस पावलांवर मोगऱ्या थांबला. उकंडाजीनं ‘टक्’ केलं. त्या आवाजाला मोगऱ्यानं जन्मात नाही म्हटलं नव्हतं. आता त्यानं नाही म्हटलं. खूर रोवले, मान खाली घातली आणि जमिनीला नाक लावून तो फुरफुरला. उकंडाजीनं पोरांना हात पसरून मागं लोटलं. जवळ शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, मोठा दगड पडला होता. चार माणसांना हलायचा नाही असा तो दगड, असं म्हणतात, त्या म्हाताऱ्यानं एकट्यानं उचलला आणि पुढं फेकला.

जमीन बसली. बैलगाडी मावेल एवढं तोंड उघडलं. दगड आत गेला, आणि पाण्याचा आवाज यायच्या आत लोकांनी तीनदा ‘हर हर महादेव’ म्हणून घेतलं.

गुलाबराव धावत आला आणि त्यानं उकंडाजीचे पाय धरले. म्हणाला, नेम मोडला असं कुणी धरणार नाही, दाण बाभळीपाशी आणतो, शेषरावाची जोडी धावू दे. उकंडाजीला ‘हो’ म्हणायचं होतं. ते जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात त्याची नजर नाल्यापलीकडे बसलेल्या सुटलेल्यांवर गेली. त्यांनी साऱ्या जन्मात एकदाही नेम मोडला नव्हता.

“माह्या पोरासाठी नेम मोडू नोका,” तो म्हणाला. “सात वर्सं त सात वर्सं. पन त्याइले इकडं बलवा. या गावाले काय माहीत हाय ते नाल्यापलीकडं बसून राह्यलं.”

पंचांनी त्या दिवसापासून सुटलेल्यांवरचा नेम उठवला, शेषरावाची सात वर्षं तेवढी कायम राहिली. त्या वर्षी पट झाला, पण शेषरावाशिवाय. त्यानं छकड्यातून जोडी सोडली, घरी नेली, आणि पुढचं वर्षभर बापाशी हूं की चूं केलं नाही. त्याला दोष देऊ नका. आपला जीव वाचला हे त्याला कळत होतं, पण कळणं वेगळं आणि गोठ्यात रोज ते दोन तरणे बैल बघणं वेगळं.

पुढच्या वर्षी पोरंच गुलाबरावाच्या दारात जमली. आम्हाला मोगऱ्यामागं चालायचं आहे, म्हणाली. पण मोगऱ्या पावसाळ्यात गेला होता, आणि त्याच्यामागं आठ दिवसांनी हरण्या. उकंडाजीचे गुडघेही गेले होते. तो अंगणात बसून राहिला. तेव्हा शेषराव गोठ्यात गेला, वाऱ्या-पाऱ्याला बाहेर आणलं आणि वर्षानं पहिल्यांदा बोलला.

“धावाची बंदी हाय, बा. चालाची त नाही ना?”

त्यानं बापाला पाऱ्याच्या खांद्याचा आधार दिला, आणि दोघं दाण चालून गेले. मागं सगळे सुटलेले, त्यांचे म्हातारे बैल, आणि त्यांच्यामागं गावचीच काय, शिवणीचीही पोरं. अशी सात वर्षं ते चालले. प्रत्येक वर्षी पोरं वाढत गेली, आणि जत्रावाल्यानं शेवटी पाळणे पटाशेजारीच आणून लावले.

आठव्या वर्षी बंदी संपली. गुलाबरावानं पहिली पाळी पुकारली ती वाऱ्या-पाऱ्याची. पण वाऱ्या पोळ्याच्या आधीच गेला होता. शेषराव एकट्या पाऱ्याचा दोर धरून सुरुवातीला उभा राहिला. एका बैलानं छकडा धावत नाही. गुलाबरावाला हे ठाऊक होतं. तरी त्यानं झेंडी वर केली. आणि त्यानं झेंडी पाडली.

दाण रिकामी होती. शेषरावानं मान खाली घातली. आणि बाभळीखाली बाजेवर आणून बसवलेला उकंडाजी, ज्याला आता उभंही राहता येत नव्हतं, तो उठून उभा राहिला. त्यानं दोन्ही हात वर केले आणि टोकावरची माणसं ओरडतात तसा ओरडला, “आली! आली! जोडी आली!”

ते ऐकून पोरं ओरडली. मग सारा गाव ओरडला. असं म्हणतात की त्या वेळी त्या रिकाम्या दाणीवरून धुळीची एक सरळ रेघ उठत गेली, बाभळीपर्यंत, आणि तिच्या मागून चाकांचा आवाज आला. शेषराव दाणीच्या त्या टोकावरून या टोकापर्यंत धावत सुटला, आणि बापाच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला.

उकंडाजी त्याच चैत्रात गेला. त्यानंतर किती वर्षं झाली, कुणी मोजली नाहीत. पण आजही जांभूळबर्डीच्या पटात जोडी सुटायच्या आधी ‘उकंडाजीची चाल’ निघते. पुढे सुटलेले धुरकरी आणि त्यांचे म्हातारे बैल, मागं अनवाणी पोरं. प्रत्येक पोरानं आपल्या पुढच्या बैलाचं आणि त्याच्या धुरकऱ्याचं नाव सांगायचं असतं. नाव आलं नाही तर रांगेत मागं. चालीला कितीही वेळ लागला तरी ‘आटपा’ म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही.

मग पहिली पाळी पुकारतात, वाऱ्या-पाऱ्याची. रिकाम्या दाणीवर झेंडी पडते. आता सेकंदाचे भाग मोजणारी घड्याळं आली आहेत, पण त्या पाळीला पंच ती उलटी करून ठेवतात. बाभळीखालून पोरं ओरडतात, “आली! आली! जोडी आली!” आणि दरवर्षी पहिला नंबर त्याच जोडीचा लागतो.

धूळ खरंच उठते का, म्हणाल तर मला विचारू नका, मला आता लांबचं नीट दिसत नाही. पण पोरांना विचारलं तर ती सांगतात, उठते.