खुंटाचं फूल

“आणि त्या खोट्यानं कुणाचा जीव वाचत असेल तर, भन्ते? तरीही शील मोडतं?”

भन्ते शीलरत्न विहाराच्या पायरीवर चीवराचा उसवलेला काठ शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचा जीव?”

“माझ्या बायकोचा.”

“आजारी आहेत?”

“नाही...”

दिवाकर मेश्राम उभेच होते. हातातल्या कापडी पिशवीतून गुलाबाचं एक रोप डोकावत होतं. टोकाशी एकच कळी, लांबट, हस्तिदंती, कडांना गुलाबी छटा.

मेश्राम टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. दर रविवारी विहारात येत, सगळ्यांच्या पुढे बसून पंचशील घेत, आणि मग अंगणात थांबलेल्यांना गुलाबाचं सांगत. “नागपूरच्या उन्हात हायब्रीड टी फुलवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके,” असं म्हणत आणि पहिलं बोट स्वतःकडे वळवत. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये दोन खाटा मावतील एवढीच त्यांची बाग. पण प्रदर्शनातले कप तिथूनच आले होते.

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र ते विहारात फिरकले नव्हते.

“बसा,” भन्ते म्हणाले.

मेश्राम बसले नाहीत. “तुम्हाला गुलाबातलं कळणार नाही, भन्ते. पण शीलातलं कळतं. तेवढंच सांगा.”

“सांगतो. आधी तुम्ही गुलाबातलं सांगा.”

मेश्रामांनी सांगितलं. थांबत थांबत, भिंतीकडे बघत.

त्यांची एकुलती मुलगी उत्पला मे महिन्यात गेली. ताप आला म्हणून दवाखान्यात नेली, ती घरी आलीच नाही. नवराबायको दवाखान्यातल्या बाकावर बसून. बागेला पाणी घालायचं भान कुणाला? परत आले तेव्हा सगळ्या झाडांच्या काटक्या झाल्या होत्या. मेश्रामांनी एकेक उपटून फेकली. ज्या झाडांसाठी ते कधी परगावी मुक्काम करत नसत, त्यांचं त्यांना काहीच वाटलं नाही.

एक तेवढं ठेवलं. भिंतीलगतचं, उत्पलानं स्वतः कलम केलेलं.

पावसाळ्यात त्या काटकीच्या बुडाशी कोंब आला. त्यांची बायको, चंद्रकलाबाई, धावत आत आल्या. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

“अहो, बघा ना! येऊन राहिली ती!”

मेश्राम बाहेर गेले, वाकले, आणि एका नजरेत समजले.

गुलाबाचं कलम म्हणजे दोन झाडं. खाली जंगली गुलाबाचा खुंट, आणि त्याच्या सालीत बसवलेला चांगल्या गुलाबाचा डोळा. फूल हवं असतं ते डोळ्याचं. हा कोंब डोळ्याच्या खालून आला होता. वरचा गुलाब मेला होता. जगला होता तो नुसता खुंट.

असा फुटवा दिसला की मेश्राम थांबत नसत. दुसऱ्याच्या बागेतसुद्धा खिशातून कात्री काढत आणि मुळापासून उडवत.

त्या दिवशी ते म्हणाले, “हो. आली.”

...

भन्त्यांनी दातानं दोरा तोडला.

“तेव्हापासून रोज पाणी घालून राहिली ती,” मेश्राम म्हणाले. “माझ्याशी बोलत नाही. त्याच्याशी बोलते. आता त्याला कळ्या आल्या. बारक्या, झुबक्यानं. आज ना उद्या उमलतील. कुंपणावर येतं न, तसं पाच पाकळ्यांचं फूल. अन् मग तिला कळेल...”

“काय कळेल?”

“की पोरगी परत गेली.”

मेश्रामांनी पिशवी पुढे धरली.

“हे त्याच जातीचं रोप आहे. शहरातल्या सगळ्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या तेव्हा सापडलं. ती आज भंडाऱ्याला बहिणीकडे गेली आहे. ती यायच्या आत ते काढतो, हे लावतो. सांगेन, छाटणी केली म्हणून. जागा तीच, माती तीच, फूल तेच. भन्ते, एवढंच सांगा... हे चुकतं का?”

भन्त्यांनी सुई काठात खोचून ठेवली आणि उठले.

“चला. झाड पाहू.”

“पण माझ्या प्रश्नाचं...”

भन्ते विहाराच्या फाटकापाशी पोचले होते.

दोघं मेश्रामांच्या अंगणात आले, तर चंद्रकलाबाई घरीच होत्या.

भिंतीलगत पाट टाकून बसल्या होत्या. भन्ते दिसताच पदर सावरून उठल्या आणि वंदन केलं.

“तू... गेली नाहीस?” मेश्रामांनी विचारलं.

“स्टँडवर गेली होती. परत आली. ते उमललं अन् मी नसली तर?”

मग त्यांची नजर पिशवीवर गेली. त्या कळीकडे त्या बघत राहिल्या. तशी कळी त्यांच्या अंगणात वर्षानुवर्षं फुलली होती.

मेश्रामांनी पिशवी पाठीमागे धरली.

भन्ते झाडापाशी उकिडवे बसले. लांब, वेड्यावाकड्या फांद्या भिंतीवर चढल्या होत्या. टोकाटोकांना बारीक कळ्यांचे घोस.

“मला गुलाबातलं कळत नाही,” ते म्हणाले. “यातलं उत्पलानं काय लावलं होतं?”

मेश्राम सवयीनं बोलले.

“डोळा भरला होता.”

“कुठल्या झाडाचा?”

“माझ्या. प्रदर्शनात पहिलं आलेलं होतं ते. मीच डोळा काढून तिच्या हातात दिला.”

“आणि खुंट?”

मेश्रामांना आठवलं नाही. किंवा आठवलं, आणि सांगवलं नाही.

उत्तर चंद्रकलाबाईंनी दिलं.

“खुंट तिचा. कॉलेजच्या मागच्या कुंपणावरची काडी तोडून आणली होती. इथंच खोचली. मुळं फुटली का म्हणून उपटून उपटून पाहे. हे रागवायचे. म्हणायचे, अशानं जगते का कधी?”

त्या थांबल्या.

“जगलं ते.”

फांद्यांच्या मधोमध जुनी काटकी अजून उभी होती, काळी पडलेली. भन्त्यांनी तिला बोट लावलं.

“मग मेश्रामजी, मेलं ते कुणाचं?”

...

मेश्राम भिंतीला टेकत टेकत खाली बसले. पिशवी कलंडली. रोपाची माती फरशीवर सांडली. ती भरायला ते वाकले नाहीत.

शेजारच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. कुणीतरी मोटार बंद केली.

“चंद्रकला,” ते म्हणाले, “वरच्या गुलाबाला फूल येणार नाही. तो तेव्हाच गेला होता. मी खोटं बोललो तुझ्याशी.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. तुम्ही कात्री नाही काढली न.”

मेश्रामांचा हात खिशातल्या कात्रीकडे गेला.

“लग्न झाल्यापासून पाहून राहिली मी तुम्हाला. खालून फुटलेलं कधी कुणाचं ठेवलं तुम्ही? माझ्या माहेरी, अशाच फुटव्याला मांडव घातला होता तरी, कापून आलात. हे नाही कापलं. म्हटलं, यांना हे असायला पाहिजे. म्हणून पाणी घातलं.”

“आणि त्याच्याशी बोलायचीस ते?”

“उत्पलाशी बोले मी. झाडाशी कोण बोलते?”

“माझ्याशी नाही बोललीस...”

“तुमच्याशी बोलली असती तर तिचं नाव निघालं असतं.”

मेश्रामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पोरगी गेली त्या दिवशी ते रडले नव्हते. स्मशानातसुद्धा आलेल्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते सांगत उभे होते. आता मात्र त्यांचा आवाज भिंतीपलीकडे गेला. शेजारच्या बाईनं खिडकी उघडली, आणि पाहून हळूच लावून घेतली.

चंद्रकलाबाई त्यांच्याजवळ फरशीवर बसल्या. आधी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनाही आवरलं नाही.

भन्त्यांनी दोघांपैकी कुणाचीही समजूत घातली नाही. अनित्याचं काही सांगितलं नाही. पाटावर बसून राहिले. बारा वाजून गेले. बारानंतर ते अन्न घेत नसत. त्या दिवशी ते उपाशीच राहिले.

पुष्कळ वेळानं चंद्रकलाबाई उठल्या. सांडलेली माती ओंजळीनं गोळा केली. कोपऱ्यातली एक रिकामी कुंडी ओढली, नर्सरीतून आणलेलं रोप तिच्यात लावलं, आणि बोटांनी भोवती दाबलं.

“ठेवायचं ते?” मेश्रामांनी विचारलं.

“ठेवा. त्यानं काय केलं?”

मग लोटा भरून आणला. थोडं पाणी कुंडीत ओतलं, उरलेलं भिंतीलगतच्या खुंटाला. मेश्राम बघत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, “उत्पला फार पाणी घालायची.”

“हो,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “चिखल करून ठेवायची.”

भन्ते निघाले तेव्हा दोघंही फाटकापर्यंत आली. मेश्रामांना काही विचारायचं उरलं नव्हतं. चंद्रकलाबाई घुटमळल्या.

“भन्ते, ही फुलं उमलली की विहारात आणली तर चालतील? साधीच आहेत. अन् हे म्हणतात, एक दिवससुद्धा टिकत नाहीत.”

भन्त्यांनी फाटकाची कडी काढली.

“आणा,” ते म्हणाले. “टिकणारं फूल घेऊन विहारात अजून कुणी आलेलं नाही.”