अनवाणी पाहिलेलं घर

भाड्याचं घर दाखवताना बेंद्रेकाकांचा एकच हेका, जोडे उंबऱ्याबाहेर! फरशी खराब होते म्हणे. स्वतः मात्र बूट घालून आत मिरवायचे.

घर बघायला आलेल्या वृंदाने निमूट चपला काढल्या. "आईला दमा आहे. घरात ओल नाही ना?"

"ओल? शोधून दाखवा! आणि लवकर ठरवा, पुढचे लोक जिन्यात उभे आहेत."

वृंदा सगळ्या खोल्या फिरली. आतल्या खोलीत जरा जास्तच वेळ उभी राहिली. मग सरळ जिन्यात आली. कोरड्या पायऱ्यांवर तिची ओली पावलं सगळ्यांदेखत उमटली.

"शोधावी लागलीच नाही, काका," चपला चढवत ती म्हणाली. "तुमच्या नियमाने पायांनाच सापडली. आता तुम्हीही एकदा बूट काढून आपलं घर बघा."