आमोसच्या बरगड्या

नगरकडच्या आमच्या गावात आमोस नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा, हे मोजायला गेलेली माणसं दमून परत आली. शेजारणीने एकदा "जरा दाराकडे बघ" म्हटलं, तर हा संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसला. चोर खिडकीतून आला असता तरी याने मान वळवली नसती.

वय चौतीस. मागेपुढे कोणी नाही. अशाला मुलगी कोण देणार? पण येशुदास मास्तरांच्या राहेलने आपण होऊन हो म्हटलं. तिला आधी तीन स्थळं येऊन गेली होती आणि तिघंही खोटं बोललेले निघाले. ती म्हणाली, हा वेडा असेल, पण तोंडाने एक आणि मनात एक असं याचं नाही. मास्तरांना काही पसंत नव्हतं. पण एकुलती एक लेक. त्यांनी अट घातली. लग्नाआधी एक खोली बांध.

आमोस गेला पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या धर्मगुरूंकडे. खोली कशी बांधू म्हणून विचारलं. पाळकसाहेब घाईत होते. म्हणाले, देवाने जग जसं क्रमाने, शिस्तीत केलं, तसं तूही कर.

झालं. आमोसने बायबल उघडलं, देवाने सहा दिवसांत जग केलं ते पान काढलं आणि सोमवारी सुरुवात केली. पहिल्या दिवशी उजेड. त्याने एका खांबाला कंदील टांगला, पेटवला आणि भर उन्हात दिवसभर त्याच्याकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी वरचं आभाळ. चार बांबू रोवले आणि वर पत्रे टाकले. तिसऱ्या दिवशी झाडझाडोरा. पत्र्याखाली मेथी पेरली. चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र करणं त्याच्याने झालं नाही, म्हणून नाताळातला कागदी तारा आणून लावला. पाचव्या दिवशी दोन कोंबड्या आणि बादलीभर मासे. सहाव्या दिवशी शेजारच्या बर्णबाचा बैल आणून बांधला आणि स्वतः मधोमध बसला. सातव्या दिवशी विसावा. तो घोरत असतानाच वावटळ आली आणि पत्रे उडून शाळेच्या मैदानात जाऊन पडले.

पाळकसाहेब धावत आले. भिंती कुठायत, म्हणून विचारलं.

"शास्त्रात भिंती नाहीत, साहेब," आमोस म्हणाला.

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग त्याला जवळ बसवून शांतपणे समजावलं, की बाबा, तिथले सहा दिवस म्हणजे आपले सोमवार-मंगळवार नव्हेत. देवाच्या लेखी एक दिवस म्हणजे हजार वर्षं. शब्द धरून बसू नये, अर्थ धरावा.

"बरं साहेब," आमोस म्हणाला. मन लावून ऐकलं त्याने. त्याचा दोष एवढाच, की ऐकलेलं तो वाया जाऊ देत नसे. भिंती मात्र मास्तरांनी गवंडी लावून बांधून घेतल्या, नाहीतर लेक मेथीत राहायला गेली असती.

पुढच्या आठवड्यात मास्तर आणि राहेल लग्नाच्या कपड्यांसाठी नगरला गेले. दोन रात्रींचा मुक्काम. घरची म्हैस आमोसच्या हवाली केली. वैरण घाल, पाणी दाखव आणि दिवसातून दोनदा धार काढ, असं मास्तर त्याला तीन वेळा बजावून गेले.

आमोसने विचार केला. दिवस म्हणजे हजार वर्षं. दिवसातून दोनदा म्हणजे पाचशे वर्षांतून एकदा. मग घाई कशाला? त्याने वैरण घातली, पाणी दाखवलं आणि म्हशीसमोर निवांत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी म्हैस अशी रेकायला लागली, की आमच्या गल्लीतली पोरं शाळेतून घरी आली. त्यांना वाटलं शाळा सुटली. मास्तर परतले, म्हशीची तटतटलेली कास पाहून तसेच चरवी घेऊन खाली बसले आणि म्हशीने दोन दिवसांचा सगळा राग त्यांच्या गुडघ्यावर काढला.

"मामा, उगाच गडबड केलीत," आमोस म्हणाला. "अजून चारशे नव्याण्णव वर्षं बाकी होती."

मास्तर लंगडत पाळकसाहेबांकडे गेले आणि त्यांनाच चार शब्द सुनावून आले. याला अर्थ झेपत नाही, म्हणाले, याला शब्दच शिकवायला हवा. त्या दिवसांत गावात तंबू ठोकून सभा चालल्या होत्या. बाहेरचे एक प्रचारक आले होते. आवाज असा, की कर्णा न लावता तीन वाड्यांना ऐकू जावा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शास्त्रात लिहिलंय तसंच घडलं आणि लिहिलंय तसंच घडणार. कानामात्रा इकडची तिकडे करायची नाही. आमचे पाळकसाहेब म्हणजे अर्थवाले आणि हे शब्दवाले. माणसं दोघंही देवाची, पण एका चटईवर बसली तर चटई फाटायची.

मास्तरांनी आमोसला तंबूत पुढे बसवला. प्रचारकांनी त्या रात्री शेवटचा काळ सांगितला. कर्णा वाजेल. शेतात दोघे काम करत असतील, एकाला वर देवाकडे नेलं जाईल, एक मागे राहील. आमोसने हात वर करून विचारलं, हे खरोखर, की अर्थाने? प्रचारक गरजले, खरोखर! याच पायांनी, याच मातीतून!

"बरं साहेब," आमोस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आमोस आणि बर्णबा कांदे खुरपत होते. आमोसच्याच लग्नासाठी ठरवलेले बँडवाले वाडीपलीकडे सराव करत होते. त्यांच्यातल्या एकाने मोठा कर्णा तोंडाला लावून एक लांब सूर काढला. आमोसने चमकून मागे पाहिलं. बर्णबा नव्हता. खुरपं होतं, टोपी होती, माणूस नव्हता. खरं तर बर्णबा टमरेल घेऊन कालव्यापलीकडे गेला होता. पण हे आमोसला कोण सांगणार?

तो रडतच गावात आला. देवळाची घंटा धरून ओढली. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. सगळी मंडळी गोळा झाली. आमोस म्हणाला, बर्णबाला नेलं, मला ठेवलं. बर्णबाची बायको एस्तेर पदर खोचत पुढे आली. मग म्हणाली, "ह्यांना नेलं? मग वर माणसांची फारच टंचाई दिसते." पण बाकीच्यांची गाळण उडाली. बायका रडायला लागल्या. माझ्या जावेने तीन वर्षांपूर्वी नेलेला माझा वरवंटा निमूट आणून दिला, पाट्यासकट. दोन भाऊ बांधावरून अकरा वर्षं बोलत नव्हते, ते गळ्यात गळा घालून उभे राहिले.

तेवढ्यात बर्णबा टमरेल हलवत आला. देवळाच्या दारात ही गर्दी, बायको मधे, सगळे रडतायत. तोही घाबरून रडायला लागला. आपल्या घरी कोण गेलं, हे विचारायचं त्याला धैर्य होईना. ते दोघे भाऊ त्याला बघून एकमेकांपासून लांब सरकले.

आता मास्तर उखडले. सोयरीक मोडली म्हणाले. राहेल जेवली नाही. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांचाच घास घशाखाली उतरेना. म्हणाले, ठीक आहे. गुरुवारी अकरा वाजता तो देवळात सरळ उभा दिसला तर लग्न. नाहीतर वऱ्हाड तसंच परत, आणि पुन्हा त्याचं नाव या घरात काढायचं नाही.

पाळकसाहेब स्वतः आमोसच्या घरी गेले. त्याचे दोन्ही हात धरले. "आमोस, नीट ऐक. लग्नात अर्थ-बिर्थ काही नाही. लग्नाचं जसं लिहिलंय तसंच करायचं. पहिलं लग्न कसं झालं, ते शास्त्रात वाच आणि तसं वाग." त्यांच्या मनात एवढंच होतं, की आदामाने बायको दिसताच जसा आनंदाने तिचा स्वीकार केला, तसा यानेही करावा.

"बरं साहेब," आमोस म्हणाला, आणि अक्षरांखाली बोट धरून वाचायला बसला.

गुरुवारी अकराला देऊळ भरलं. राहेल पांढऱ्या साडीत पुढे उभी. बँड वाजतोय. नवरदेवाचा पत्ता नाही. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. मास्तर घड्याळ बघत नव्हते, पाहुण्यांना घेऊन आलेल्या टेम्पोकडे बघत होते. शेवटी राहेलच दाराबाहेर पडली. तिच्यामागे पाळकसाहेब, त्यांच्यामागे मास्तर आणि मागे आम्ही सगळे.

नव्या खोलीत आमोस जमिनीवर आडवा. नवा कोट घडी करून उशाला. सदरा वर ओढलेला, डावी कूस उघडी. गाढ झोपलेला.

पाळकसाहेबांनी त्याला गदागदा हलवला. आमोस डोळे चोळत म्हणाला, "साहेब, पहिल्या लग्नात आधी झोप आहे. मग बरगडी काढतात, मग त्या बरगडीची बायको करतात. मी पहाटेपासून पडलोय हो, पण आनंदाने झोपच येईना. आत्ता कुठे डोळा लागला होता."

पाळकसाहेब दमलेले होते. म्हणाले, बरं, झाली ना झोप? ही बघ तुझी बायको. ऊठ आता.

आमोसने राहेलकडे पाहिलं. असा हसला, की आमच्या एस्तेरच्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने हात कुशीला लावला आणि मोजायला लागला. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. चेहरा उतरला.

"बाराच्या बारा आहेत," तो म्हणाला. "साहेब, ही माझी नव्हे. दुसऱ्या कोणाच्या तरी बरगडीची आहे. चुकून इकडे आली." आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

मास्तरांनी बाहेर तोंड करून टेम्पो चालू करायला सांगितला.

राहेल पांढऱ्या साडीसकट मातीत बसली. "हात काढा," ती म्हणाली. "मी मोजते." तिने एकेका बरगडीवर बोट ठेवून मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन. असं करत सातवर आली, आठवीवरून बोट अलगद पुढे नेलं आणि पुढच्या हाडावर म्हणाली, आठ. कोणी काही बोललं नाही. मास्तर गणिताचे मास्तर, तेही बोलले नाहीत. "अकरा," राहेल म्हणाली. "एक कमी आहे."

आमोस उठला तो थेट देवळाकडे पळाला. राहेलला मागून यावं लागलं.

सगळे पुन्हा आपापल्या जागी बसले. पाळकसाहेबांनी घाईघाईने प्रार्थना उरकली आणि विचारलं, "आमोस, तू हिला आपली बायको करून घेतोस का?"

"नाही," आमोस म्हणाला. मोठ्याने, खणखणीत.

बँडवाल्याच्या हातातली झांज खाली पडली. मास्तर ताडकन उभे राहिले.

"करून काय घ्यायची, साहेब?" आमोसने कुशीवर हात ठेवला. "माझीच आहे ती. मी परत घ्यायला आलोय."