डावा कान

"पण दोष काय आहे त्यात, अप्पा?"

मल्लिनाथ शेटेनं हा प्रश्न दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा बेतानं विचारला.

काउंटरवर कानाच्या मशीनचा उघडलेला खोका होता. बॅटऱ्या होत्या, पुसायचं फडकं होतं. मशीन तेवढं अजून गुरुपादअप्पांच्या उजव्या कानात होतं.

"दोष काही नाही," समोरच्या खुर्चीत बसलेले अप्पा म्हणाले. "परत घे."

मल्लिनाथ हसला. त्याच्या डोक्यावर पाटी होती: 'फोडलेला माल परत घेतला जाणार नाही.' या पाटीचा त्याला भारी अभिमान. चांगला चालणारा मिक्सर परत करायला आलेल्या सख्ख्या मेव्हण्यालाही त्यानं तसंच माघारी धाडलं होतं, आणि ती हकिगत तो लग्नाकार्यात रंगवून सांगे. पाटीशेजारी नवाकोरा फोटो. रविवारी मठात झालेला कार्यक्रम. मल्लिनाथ स्वतःच्या हातानं अप्पांच्या कानात मशीन बसवतोय. फोटोत अप्पा अर्धेच आले होते, मल्लिनाथ मात्र पुरेपूर आला होता.

"बिघडलं असेल तर दुसरं देतो, अप्पा. पण चांगलं मशीन परत घेतलं तर गावात काय तोंड दाखवू? शिष्यानं दिलेलं गुरूंनी नाकारलं, असं म्हणतील."

"म्हणू दे."

अप्पांचा मठ लहान. तिथं प्रवचन नाही, जेवणावळी नाहीत. तरी सोमवारी माणसं येत, कारण अप्पा ठार बहिरे होते. माणूस त्यांच्याशेजारी बसे, डाव्या कानाशी तोंड नेई, आणि जे बायकोला, भावाला, देवालासुद्धा सांगता येत नाही ते सांगून टाकी. अप्पांना एक अक्षर कळत नसे. ते त्याच्या डोक्यावर हात ठेवत. माणूस हलका होऊन घरी जाई.

अशा गुरूला कानाचं मशीन दान करायची बुद्धी मल्लिनाथलाच व्हायची होती! मिरवायची हौस एकदा अंगात शिरली की माणसाला पुढचं दिसत नाही.

"ऐकू येतंय ना पण नीट?"

"येतंय. रविवारी पिंपळ ऐकला. गाईचं रवंथ ऐकलं. फार बरं वाटलं..." अप्पा थांबले. "मग सोमवार आला."

मल्लिनाथचा हसरा चेहरा तसाच राहिला, पण त्यातलं हसू गेलं.

काल सोमवारी तोही गेला होता. नेहमीसारखा डाव्या कानाशी वाकला होता. मशीन उजव्या कानात; डावा आपला जुनाच, बहिरा, असं तो धरून चालला होता. इतक्या जवळचं बोलणं उजव्या कानातलं मशीनही टिपतं, हे त्याला कळायला हवं होतं; हीच मशीनं विकणारा माणूस! पण मठातला डावा कान म्हणजे सांगायचा कान आणि त्यात टाकलेलं कुठंच जात नाही, हे गावात प्रत्येकाच्या मनात लहानपणापासून इतकं पक्कं बसलेलं, की तिथं अक्कल चालवायचं कुणाला सुचतच नाही.

आणि आता त्याला आठवलं... काल अप्पांनी डोक्यावर हात ठेवला नव्हता. थकले असतील, असं म्हणून तो उठून आला होता.

"अप्पा," त्याचा आवाज एकदम खाली आला, "काल मी जे बोललो..."

"ऐकलं."

"सगळं?"

"आई पलीकडच्या खोलीतून हाका मारत होती. पाणी मागत होती. तू टीव्हीचा आवाज वाढवलास."



"मॅच चालू होती, अप्पा. ती रोजच हाका मारायची... मला काय माहीत, त्या दिवशी ती..."



आईला जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर मल्लिनाथ त्या एका हातावर जगत होता. सोमवारी अप्पांचा तळवा डोक्यावर टेकला की पुढचा आठवडा कसाबसा निभायचा. तो हातच नसला तर काय?

"घेतलं!" तो ओरडला. "घेतलं परत! पाटी गेली खड्ड्यात!"

गिऱ्हाइकं बघत राहिली. मल्लिनाथ काउंटरला वळसा घालून धावत आला. अप्पांच्या कानातलं मशीन त्यानं काढलं, खोक्यात घातलं, खोका लांब सरकवला. मग तो भर दुकानात जमिनीवर बसला आणि त्यानं अप्पांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं.

"आता तुम्हाला काही ऐकू येत नाही, अप्पा. आता ठेवा... ठेवा ना हात."

आणि त्यानं डोकं पुढं केलं.

अप्पांना शब्द ऐकू आले नाहीत. वाकलेलं डोकं मात्र दिसत होतं. त्यांचा हात गुडघ्यावरून थोडा उचलला गेला... आणि पुन्हा गुडघ्यावर आला.

"मशीन तू परत घेतलंस, मल्लिनाथ," अप्पा म्हणाले. "तुझ्या आईच्या हाका मी कुठं परत करू?"