कुलगुरूंची हजेरी

मी विद्यापीठाच्या बागेत माळी होतो. शाळा शिकलो नाही, पण ही गोष्ट माझ्यासमोर घडली, म्हणून सावकाश सांगतो.

डोंगरातल्या बोरदऱ्याची पारू गावंडे रसायनशास्त्र शिकायची. प्रात्यक्षिक सकाळी आठला आणि तिची एसटी पोचायची साडेनवाला. हजेरी कमी भरली, म्हणून तिला परीक्षेला बसू देईनात. कुलगुरू बागेत गुलाब बघत होते, तिथं येऊन तिनं गाऱ्हाणं सांगितलं.

"नियम सगळ्यांना सारखाच, बाळ," ते म्हणाले. "शिकायचंय तो आठला येतोच."

"बरं सर. मग उद्या आठला तुम्ही आमच्या गावी या, एसटीनं. माझ्या गाऱ्हाण्याचा निकाल तिथंच द्या."

साहेबांनी सोबतच्या कारकुनाकडं पाहिलं. तो चाचरत म्हणाला, "सर, तिकडं पहिली गाडीच दहाला पोचते."

"मग सरांची गैरहजेरी लावू का?" पारूनं शांतपणे विचारलं.

कुलगुरू हसले. "नको गं बाई. लांबच्या मुलांचं प्रात्यक्षिक अकराला ठेवा हो, आणि हिला परीक्षेला बसवा."

पुढच्या सोमवारी अकराच्या वर्गात पारूसकट एकवीस मुलं आली. इतके दिवस ही मुलं कुठं होती, हे कुणी विचारलंच नव्हतं.