बोटांचा वाफा

खोलवाडीत पाहुणा आला की आधी त्याला परसात नेऊन ताकीद देतात, 'फणसाखाली गोट्यांचं कडं दिसतंय ना, त्यात पाय टाकू नका हो.' पाहुणा वाकून बघतो, तर आत काहीच नसतं. वाळकी पानं आणि माती. दिवाळीनंतर चार-पाच महिने तो वाफा असाच उघडा असतो. वाडी दोन डोंगरांच्या बेचक्यात, ऊन उतरतं ते भर दुपारी आणि घटकाभरच. जाई-मोगरा इथे नुसता पानांनी माजतो, कळी धरत नाही. फुलतो तो एकटा भुईचाफा. तो कसा आला, ते जुनी माणसं अशी सांगतात.

फार मागे इथे यमुनाकाकी नावाची बाई राहत असे. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे तिला शिजवणारीच्या आधी कळायचं म्हणे. मनाने वाईट नव्हती; बाळंतिणीकडे पहिला पेजेचा टोप तिचाच जायचा. पण नाक मात्र सदा कुंपणापलीकडे.

शेजारच्या घरात द्वारकी सून म्हणून आली. नवरा लग्नानंतर आठवड्यात गलबतावर गेला. काकी बघत होती. पोरीने ओच्यातून काहीतरी आणून फणसाखाली पुरलं. मग रोज तिथे बसायची, कोंबड्या हाकलायची, मातीशी पुटपुटायची. महिना झाला, दोन झाले, कोंब म्हणून नाही. काकीच्या कुंपणापाशी खेपांवर खेपा. एका सकाळी द्वारकी पाण्याला गेली तशी काकी कुंपण ओलांडून गेली आणि कुदळ घातली.

मातीतून निघाली बोटं. पांढुरकी, गुबगुबीत, मुळांना लोंबणारी.

"अगं बाई गं! पोराची बोटं पुरल्येत हिने!"

वाडी धावली. सासूची म्हैस त्याच आठवड्यात आटली होती, तिने तिथेच कपाळ बडवलं, "करणी! माझ्याच परसात करणी!" गलका वाढला. आणि तेवढ्यात काकीला आपल्याच हाताचा वास आला. ओल्या आल्यासारखा, कापरासारखा. बोटाला असा वास येत नाही, हे तिला तिथल्या तिथे उमगलं. पण एकदा ओरडलेली जीभ मागे कशी घ्यायची? ती गप्प राहिली.

द्वारकी घागरीसकट उभी. "गड्डा आहे तो. भुईचाफ्याचा. आईने दिलाय."

"चाफा झाडाला येतो, जमिनीत नाही," कोणीतरी म्हणालं.

वाडीच्या मानकऱ्यांनी निवाडा केला. अक्षय्यतृतीयेपर्यंत फूल वर आलं तर सून घरात, नाहीतर माहेरी. तोवर तिने गोठ्यात राहायचं, वाफ्याला हात लावायचा नाही. "आणि काकी, उकरलंत ना? मग पुरा आता तुम्हीच."

काकीने गड्डा पुरला आणि दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन निघाली. गोठ्यातून हाक आली, "काकी, पाणी नको! झोपलाय तो. कुजेल."

"अगं पण मेला तर?"

"मेला तर तुम्ही सुटलात."

काकीला ते झोंबलं. "मग करू काय, सांग."

"पानं पसरा. सावली आहेच. आणि कोंबड्या हाकला."

रोज उठून काकी मातीची राखण करू लागली. बायका हसायच्या, "काकी, माती पळून जाईल हो!" काकी पुढची कोंबडी हाकलायची.

अक्षय्यतृतीया आली आणि गेली. काही उगवलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच द्वारकी गाठोडं घेऊन खिंडीकडे चालू लागली. सासूने दारही उघडलं नाही.

काकी वाफ्याशी आली. फणसाचं एक पान जरा उचललेलं दिसलं. तिने ते बाजूला केलं. पान नाही, देठ नाही, आणि उघड्या भुईतून सात फुलं आलेली. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध जांभळी जीभ. 

मग ती पळाली. डोईवरचा पदर खाली, पायात काही नाही. वाफ्यातली फुलं बघून मागून वाडी. खिंडीत तिने द्वारकीला गाठलं. सगळ्यांना वाटलं, फूल आल्याचं सांगेल. काकी म्हणाली,

"मला तेव्हाच कळलं होतं, पोरी. वास आला होता मला."



"मग बोलला का नाहीत?" द्वारकीने विचारलं.

 काकीने गाठोडं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि उभी राहिली.  द्वारकी म्हणाली, "येते. पण पुढे कोणाही सुनेच्या परसात काही दिसलं, तर आधी तिला विचारायचं."

आजही खोलवाडीत नवी सून गड्डा लावते तेव्हा शेजारीण कुंपणाशी येऊन मोठ्याने विचारते, "काय पुरलंस गं?" सुना भारी द्वाड. कोणी म्हणते सोनं, कोणी म्हणते सासूची जीभ. शेजारणीने हसायचं नाही, उलटून विचारायचं नाही. "बरं हो" म्हणायचं, आणि ते खरं मानून घरी जायचं.