वारुळातले दोन आबासाहेब

एका राज्यात माणसं आतून पोकळ होऊ लागली. पाठीवर टकटक केलं की रिकाम्या रांजणासारखा आवाज यायचा. प्रधानजी पोकळ झालेले मात्र कुणाला कळलंच नाही; त्यांचं डोकं पूर्वीपासून तसंच वाजायचं! हसा, हसा. राजकन्या हेमांगीला हसू येत नव्हतं. करकोट मांत्रिकानं प्रजेवर वाळवी सोडली होती आणि तिच्या वडिलांना, आबासाहेब वज्रसेन महाराजांना, दिव्यावर झेपावणारा पतंग करून वारुळात कोंडलं होतं.

खिडकीत बसलेली एक साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, महाराजांना तळहातावर घे, शाप सुटेल. चुकीचा जीव हाती घेतलास तर तू संपलीस. आणि आत रेंगाळू नकोस."

हेमांगी वारुळात उतरली. भिंती ओल्या, उबदार. चहूकडून कुरतडल्याचा आवाज, जणू कुणी तिचंच नाव चावून खातंय. तळाशी समई, तिच्याभोवती पंखांचे दोन जीव. एक महाराज, दुसरा वाळवी होऊन आलेला करकोट. मंत्रानं दोघं सारखे दिसत.

"हेमांगी, बाळ, मी इकडे!"

"बाळ, त्याचं ऐकू नकोस!"

आवाज एकच, आबासाहेबांचा.

"उडून दाखवा," ती म्हणाली. दोघंही उडाले.

"ज्योतीजवळ या." दोघंही आले. पंख फुटले की वाळवीही दिव्यावर झेपावते, हे तिला कुठं ठाऊक! राजकन्यांचे दिवे दासी लावतात.

इतक्यात तिचा अंगठा दगडाला लागला आणि टक्क वाजला. पोकळ! पोकळी घोट्याकडे चढत होती. ती दचकली, हात भिंतीवर आदळला, मनगटात बांगडीची काच रुतली. 'फुटली' असं अशुभ तिच्या घराण्यात कुणी बोलत नसे.

"आबासाहेब," ती कळवळली, "बांगडी वाढली!"

"लागलं का गं?" एक जीव कापऱ्या आवाजात म्हणाला.

"वाढली?" दुसरा अधाशासारखा पुढे सरसावला. "कुणाच्या पानात वाढली? मला घास तरी दे!"

वाळवी होऊन खात सुटलेल्याला दुसरं काय सुचणार? पतंग झालेल्या महाराजांना तर खायला धड तोंडही नव्हतं.

हेमांगीनं पहिल्याला रक्ताळल्या तळहातावर घेतलं. करकोटाचे पंख गळाले, वारूळ ढासळलं, ऊन आत शिरलं. त्या उन्हात त्याची पांढरी, मऊ काया वाळून भुगा झाली. राज्यातली माणसं पुन्हा भरीव झाली.

महाराज समोर उभे होते, समईकडे टक लावून.

"चला, आबासाहेब."

"आधी ती समई मालव, बाळ," महाराज म्हणाले. "अजून तिच्यात उडी घ्यावीशी वाटतेय."

तिनं समई मालवली. मग राजा राज्याला लागला, प्रजा कामाला. तुम्हीही लागा आता आपल्या वाटेला, उजेड आहे तोवर.